मागील चार आठवड्यांत

पुण्याची मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म,
बाळीवेशीत विचारत विचारत आली.
भाकरीवाल्या निलव्वा म्हटलं की कुणीही घर दाखवतं.
फॉर्मवर वर ठळक : जीवनमान.
खाली : मागील चार आठवड्यांत आपल्याला किती वेळा…
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे नेहमीच.

झोपेचं विचारतेस?
रात्री आठला मी नळीला लागते, सकाळी आठला सुटते.
पंप उशाशी कण्हतो.
दीड तासाला लघवीला उठायचं,
स्टँड पुढं, मी मागं,
फरशीच्या त्याच एका फटीत चाक अडकतं.
दोन लिटर अंगात जातंय, ते काय तिथंच बसून राहील?
लिही काहीतरी. चार लिही.

पिशवी दुधासारखी दिसते. दूध नाही.
साखर आहे, तेल आहे, मीठ आहे,
सगळा स्वयंपाकच की, फक्त चूल नाही.
बर्फाच्या खोक्यातून येते रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं,
इरेश पहाटे सात रस्त्याला उतरवून घेतो.
क्लीनरला वाटायचं, मासे.
लिंगायताच्या घरात मासे!
सहा वर्षांत एवढं हसू मात्र फुकट मिळालं.

आतडं एका रात्रीत काळं पडलं, कापून टाकलं.
हात-दीड हात उरलंय म्हणतात.
मी मोजायला गेले नाही.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
हात मात्र रोज, कोपरापर्यंत, उकळून गार केलेल्या पाण्यानं,
नखं, बेचक्या, परत नखं.
सासूबाईंची मडी मी थट्टेवारी नेली होती,
आता तीच माझ्या छातीशी येऊन बसलीय,
बोटभर नळी, टोकाला झाकण.
ते पुसताना घरात कुणी बोलत नाही.
पंखासुद्धा बंद. मे महिन्यात. सोलापुरात.
आणि त्या उकाड्यात मला थंडी वाजली
तर सून चप्पल न घालता रिक्षा आणायला पळते.
दोनदा पळाली.

तिच्या पाटल्यांचं तुझ्या फॉर्मात नाही.
तिनं काढून दिल्या, बोलली नाही.
मीही नाही बोलले.

लोकांत मिसळता का? मिसळते की.
ह्या जानेवारीत गड्ड्याला गेले,
पंप नातवाच्या दप्तरात, दप्तर माझ्या पाठीला.
पाळणेवाला म्हणाला, आजी, ओझं खाली ठेवा.
म्हटलं, बाबा, जेवण चाललंय माझं.
तो बघतच राहिला. तोवर मी वर गेले होते,
खाली तळ्यात दिवे हलत होते, देवळाचा कळस पायाच्याही खाली,
आणि पिशवीतला थेंब
तिथंही आपल्या वेळेवर पडत होता.

भूक? पोटाला नाही लागत.
जिभेला लागते, चारच्या सुमाराला,
तव्यावरची पहिली भाकरी पापुद्रा धरते तेव्हा.
शेंगाचटणीचं बोट लावते जिभेला.
तेवढ्याला डॉक्टर काही म्हणत नाहीत,
मी सांगितलेलंही नाही.

शेवटचा प्रश्न : एकूण, दहापैकी किती?

मी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस?
म्हणाली, गाडीत चहा. तुमच्या आधी दोन घरं झाली.

चवडीतली वरची भाकरी घेतली,
कानाशी धरून मोडली.
चांगली कडक भाकरी वाजते,
सर्दावलेली गप्प बसते.
ही वाजली.
चटणी वाढली, वर दही.
ती एका हातानं फॉर्म सांभाळत खात होती,
चुरा चौकटींवर पडत होता, एकावर, पाचावर, कुठंही,
आणि मी नुसतं ऐकत होते
दाताखाली भाकरी कशी जाते ते.

साडेसात वाजत आले होते.
फ्रीजमधून काढलेली पिशवी
हाताला अजून गारच लागत होती.